हवाईच्या भाषेला अक्षरे देणारे हायरम बिंगहॅम

वाचकहो, मुंबईच्या अमेरिकन मिशनचे नाव ठाऊक नाही असा मराठी ख्रिस्ती माणूस विरळाच. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण मिशनरी मुंबई बंदरात उतरले. त्यांना ज्या संस्थेने पाठविले ती म्हणजे बॉस्टन येथील अमेरिकन बोर्ड. या मिशनने १८१७ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला, १८२६ मध्ये मराठी नवा करार पूर्ण केला आणि १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' काढला, हा इतिहास आपल्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. परंतु त्याच बोर्डाने, त्याच काळात, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर आणखी एक तुकडी धाडली होती, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानावर आली असेल. त्या तुकडीचे अग्रणी रेव्ह. हायरम बिंगहॅम यांच्या जीवनाची ओळख आज आपणास करून द्यावयाची आहे.

हॉलसाहेबांपुढे मुंबईत जे काम होते ते कठीण खरे, पण त्यांना एक गोष्ट आयती मिळाली. मराठीला शतकानुशतकांची लिपी होती, बालबोध होती, मोडी होती, ज्ञानेश्वरांपासूनचे वाङ्मय होते. त्यांना शिकावयाचे होते, घडवावयाचे नव्हते. त्यांच्याही दोनशे वर्षे आधी फादर स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' रोमन अक्षरांत छापले, तेव्हा त्यांनाही मराठी ध्वनी परक्या अक्षरांत बसविताना पुष्कळ खटपट करावी लागली असणार. पण त्यांचे श्रोते ज्या भाषेत ऐकत होते ती लिहिली जाणारी भाषा होती. हवाईत मात्र अक्षर असे काही नव्हतेच. वंशावळी होत्या, दर्यावर्दी पूर्वजांची कवने होती, देवादिकांच्या हजारो ओळींच्या गाथा होत्या, आणि हे सारे भांडार पाठांतर केलेल्या माणसांच्या कंठात होते. माणूस गेला की त्याच्याबरोबर तो ग्रंथही गेला.

या कामाची सुरुवात बिंगहॅम यांनी केली नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. ती एका हवाईयन अनाथ मुलाने केली. ओपुकाहाइया हे त्याचे नाव. बेटावरील लढाईत आईवडील डोळ्यांदेखत मारले गेल्यावर हा मुलगा एका अमेरिकन जहाजावर चढला आणि १८०९ च्या सुमारास कनेक्टिकट राज्यात पोहोचला. येल कॉलेजच्या पायऱ्यांवर, आपल्याला विद्या नाही म्हणून तो रडत बसलेला आढळला, अशी हकिकत आहे. तो शिकला, ख्रिस्ताचा शिष्य झाला, आणि कॉर्नवॉल गावच्या मिशन शाळेत बसून आपल्या मातृभाषेचे व्याकरण, शब्दसंग्रह आणि अंकलिपी तयार करू लागला. उत्पत्तीचे पुस्तकही त्याने आपल्या भाषेत उतरविले. इंग्रजी स्वराक्षरे एकाच अक्षरात अनेक उच्चार दडवितात, म्हणून त्या शाळेत त्याच्या टिपणांवरून जे व्याकरण तयार झाले त्यात स्वरांसाठी चक्क आकडे वापरले होते. टायफसच्या तापाने १७ फेब्रुवारी १८१८ रोजी त्याचा अंत झाला. घरी परत जाण्याची त्याची इच्छा अपुरी राहिली. परंतु त्याचे चरित्र छापून निघाले, अमेरिकेच्या गावोगावच्या मंडळ्यांतून वाचले गेले, आणि हवाईला जाण्यासाठी माणसे पुढे आली.

त्यांपैकी एक हायरम बिंगहॅम. ३० ऑक्टोबर १७८९ रोजी व्हर्मॉन्ट राज्यातील बेनिंग्टन येथे एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मिडलबरी कॉलेज आणि अँडोव्हर येथील धर्मशिक्षणाची पाठशाळा येथे त्यांचे शिक्षण झाले. २९ सप्टेंबर १८१९ रोजी गोशेन येथे एसा थर्स्टन यांच्यासह त्यांची दीक्षा झाली. बोर्डाची इच्छा अशी की मिशनरी विवाहित असावा. आणि जहाज सुटावयास तर महिनाही उरला नव्हता! त्या दीक्षाविधीसाठी आलेल्या सिबिल मोझली या शिक्षिकेची गाठ पडली, आणि ११ ऑक्टोबरला त्यांचा विवाह झाला. ओळख होऊन दोन आठवडे! आजच्या आईबापांना हे ऐकून घाम फुटेल, पण हा संसार अठ्ठावीस वर्षे निष्ठेने चालला.

२३ ऑक्टोबर १८१९ रोजी 'थॅडियस' हे जहाज बॉस्टनहून निघाले. जहाजावर सात जोडपी होती, थोमस होपू यांच्यासह चार हवाईयन तरुण होते, आणि मालात एक जुना, वापरलेला लाकडी छापखाना होता. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून पाच महिन्यांनी, ३० मार्च १८२० रोजी, हवाईचे बर्फाच्छादित शिखर त्यांच्या दृष्टीस पडले. किनाऱ्यावरून जी बातमी आली ती ऐकून मंडळी चकित झाली. थोर राजा कामेहामेहा १८१९ च्या मे महिन्यात वारला होता; त्याचा पुत्र लिहोलिहो गादीवर होता; आणि त्याने, मुख्यतः विधवा राणी काअहुमानू यांच्या आग्रहावरून, जुना 'कापू' म्हणजे विधिनिषेधांचा धर्म मोडून टाकला होता. स्त्रीपुरुषांनी एकत्र बसून जेवण घेतले आणि मंदिरांतील मूर्ती जाळल्या गेल्या. हे सर्व मिशनरी पोहोचण्यापूर्वीच झाले. मूर्ती मिशनऱ्यांनी मोडल्या असे पुष्कळदा सांगण्यात येते. ते खरे नाही.

राजाने त्यांना एक वर्ष राहण्याची परवानगी दिली. थर्स्टन हवाई बेटावर कायलुआ येथे राहिले आणि बिंगहॅम ओआहू बेटावर होनोलुलू येथे गवती झोपडीत राहावयास गेले. त्या झोपडीत त्यांची शाळा भरू लागली. शिकविणारे आणि शिकणारे एकमेकांची भाषा जाणत नव्हते. त्यामुळे पहिले काही महिने कोण कोणाला शिकवीत होते हे सांगणे कठीणच आहे.

आता, वाचकहो, येथे थोडे थांबू या. न लिहिलेल्या भाषेला अक्षरे द्यावयाची म्हणजे काय करावयाचे, हे बसल्या जागी करून पाहा. तुम्ही ऐकता ते ध्वनी तुमच्या स्वतःच्या भाषेच्या चाळणीतून गाळून येतात. कॅप्टन कुक १७७८ मध्ये तेथे पोहोचला, तेव्हा त्याने हवाईचे नाव 'ओव्हायही' असे लिहून घेतले आणि काउआइ बेटाचे 'अटूई'. कोणी थोर राजाचे नाव कामेहामेहा लिहिले, तर कोणी 'तामेआमेआ'. ऐकणाऱ्यांचे कान चुकीचे होते असे नव्हे. हवाईयन माणूस एकच शब्द कधी 'क'ने तर कधी 'त'ने उच्चारीत असे. 'ल' आणि 'र' यांत त्याला भेद वाटत नसे. 'प' आणि 'ब', 'व' आणि ओठ गोल करून म्हटलेला 'व' हेही तसेच. अळूसारखे जे कंद त्यांचे मुख्य अन्न, त्याला कालो म्हणावे, कारो म्हणावे, तालो म्हणावे की तारो म्हणावे? चारही रूपे कानावर पडत. काउआइ बेटाकडे 'त' अधिक, हवाई बेटाकडे 'क' अधिक. इंग्रजीतून आपल्याकडेही आलेला 'टॅबू' हा शब्द मुळात याच भाषाकुळातला. हवाईत तो 'कापू' झाला.

स्वरांचा प्रश्न बिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लवकर सोडविला. जॉन पिकरिंग नावाच्या अमेरिकन विद्वानाने १८२० मध्ये न लिहिलेल्या भाषांसाठी एकच लेखनपद्धती सुचविणारा निबंध लिहिला होता. इंग्रजी उच्चारांचा नाद सोडून स्वरांना इटालियन भाषेतील उच्चार द्यावेत, एका अक्षराला एकच ध्वनी असावा, हे त्याचे सूत्र होते. ते त्यांनी स्वीकारले. आपल्या अ, ए, इ, ओ, उ यांप्रमाणे पाच स्वर ठरले. आकडे गेले. देवनागरी वाचणाऱ्याला हे सूत्र नवे वाटणार नाही. इंग्रजी स्पेलिंग पाठ करून वाढलेल्या माणसाला मात्र ते सुचणे सोपे नव्हते. बिंगहॅम यांनी आपल्या जन्मभाषेची सवय बाजूला ठेवली, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

व्यंजनांचा घोळ मात्र शिल्लक राहिला. तो तसाच ठेवून पहिले पुस्तक छापले गेले. ७ जानेवारी १८२२ रोजी होनोलुलू येथे, एलिशा लूमिस या तरुण मुद्रकाने जुळविलेल्या खिळ्यांवर केआउमोकू या सरदाराने स्वतःच्या हाताने दांडा ओढला आणि हवाईयन भाषेतील पहिला छापील कागद बाहेर आला. सोळा पानांची ती अंकलिपी होती. थोड्याच दिवसांनी राजाही छापखाना पाहण्यास आला. राजाविषयी एक गोष्ट सांगतात. आरंभी कोणी त्याचे नाव कागदावर लिहून त्याला दाखविले, तेव्हा त्याने त्या रेघांकडे बराच वेळ निरखून पाहिले आणि हे माझ्यासारखे तर दिसत नाहीच, दुसऱ्या कोणा माणसासारखेही दिसत नाही, असा अभिप्राय दिला. हसू नका. अक्षर म्हणजे चित्र नव्हे, ते ध्वनीचे चिन्ह आहे, हा शोध मनुष्यजातीला लागण्यास हजारो वर्षे लागली; राजाला तो एका सकाळी लावावयाचा होता.

राणी काअहुमानू यांची कथा याहून अधिक मोलाची आहे. राज्याची खरी सूत्रे त्यांच्याच हाती होती. मिशनऱ्यांशी त्या प्रथम अत्यंत तुटकपणे वागत. हस्तांदोलनासाठी पुढे केलेल्या हाताला करंगळी तेवढी टेकवीत. १८२१ च्या अखेरीस त्या फार आजारी पडल्या, तेव्हा सिबिलबाई त्यांच्या उशाशी बसल्या. तेथून अंतर कमी झाले. १८२२ मध्ये एके दिवशी बिंगहॅम पतिपत्नी त्यांच्या घरी गेली, तेव्हा राणी दासींसह जमिनीवर पडून पत्ते खेळत होत्या. डाव संपेपर्यंत पाहुण्यांनी वाट पाहिली. मग बिंगहॅम यांनी ती छोटी अंकलिपी त्यांच्या हाती दिली आणि स्वर म्हणून दाखविले. राणीने ते एकामागून एक म्हटले, पुन्हा म्हटले, आणि मला आले, मला आले म्हणून आनंदाने दासींकडे वळल्या. पत्ते बाजूला पडले. पन्नाशीच्या घरातील त्या सत्ताधारी स्त्रीने तेव्हापासून पुस्तक सोडले नाही. डिसेंबर १८२५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्याच वर्षी, १८२२ मध्ये, ताहितीकडून लंडन मिशनरी सोसायटीचे विल्यम एलिस काही ताहितियन ख्रिस्ती बंधूंसह आले. ताहितियन आणि हवाईयन या भाषा बहिणीबहिणी. मराठी आणि कोकणीइतके किंवा त्याहून थोडे अधिक अंतर समजा. ताहितीत लेखन आधीच रुळले होते, त्यामुळे एलिस थोड्याच महिन्यांत हवाईयन भाषेत उपदेश करू लागले. बिंगहॅम यांचा पुष्कळसा गोंधळ त्यांनी दूर केला. दोघांनी मिळून १८२३ मध्ये हवाईयन भाषेतील पहिले गीतांचे पुस्तक काढले.

वाचनाची ओढ मग वणव्यासारखी पसरली. आधी सरदार शिकले. सरदारांनी आपल्या माणसांना शिकविले. शिकलेला प्रत्येक जण दुसऱ्या गावी शिक्षक होऊन गेला. शाळांत बसलेले विद्यार्थी बहुतेक प्रौढ स्त्रीपुरुष होते, आणि शिक्षक जवळजवळ सर्व हवाईयनच होते. १८३१ च्या सुमारास बेटांवर सुमारे ११०० शाळा आणि ५२,००० विद्यार्थी होते; म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ दोन-पंचमांश लोक. दहा वर्षांपूर्वी या भाषेत एक ओळही छापलेली नव्हती हे ध्यानात घ्यावे. मूठभर परदेशी हे करू शकले नसते. लोकांनी ते आपले म्हणून उचलले.

परंतु सर्वांनाच हा बदल मानवला नाही. देवमासे पकडणाऱ्या जहाजांचे खलाशी होनोलुलूस येत आणि तेथील मुलींना जहाजावर नेत. काअहुमानू व इतर सरदारांनी त्यास बंदी घातली आणि खलाशांचा सारा राग बिंगहॅम यांच्यावर निघाला. अमेरिकन आरमाराचे 'डॉल्फिन' हे जहाज १८२६ च्या आरंभी आले, तेव्हा त्याचा कप्तान जॉन पर्सिव्हल याने स्वतःच ही बंदी उठविण्याची मागणी केली. २६ फेब्रुवारीस, रविवारी, दारू प्यालेल्या खलाशांच्या टोळीने आजारी प्रधान कालानिमोकू यांच्या घरी जमलेल्या उपासनेवर हल्ला केला, खिडक्या फोडल्या. पत्नी घरी एकटी आहे म्हणून बिंगहॅम धावले, तर खलाशांनी त्यांना गाठले, सोटे आणि चाकू उगारले. हवाईयन लोकांनी मध्ये पडून त्यांचे प्राण वाचविले. दुर्दैव असे की दडपणाखाली ती बंदी त्या वेळी सैल करावी लागली.

आश्चर्य वाटेल, पण याच धामधुमीच्या वर्षी अक्षरांचा निकाल लागला. १८२६ मध्ये मिशनऱ्यांनी एकेका जोडीवर मते घेतली. 'ब' आणि 'प' यांत 'प' राहिला. 'त' आणि 'क' यांत 'क' राहिला. 'र', 'ल' आणि 'ड' यांत 'ल' राहिला, आणि दोन 'व'कारांतून एक. ह, क, ल, म, न, प, व ही सात व्यंजने आणि पाच स्वर, मिळून बारा अक्षरे. जगातील सर्वांत लहान वर्णमालांपैकी ही एक आहे. गळलेली अक्षरे परकीय शब्दांसाठी आणि पवित्र शास्त्रातील नावांसाठी तेवढी ठेवली. बारा अक्षरे कोणीही थोड्या दिवसांत शिकू शकतो. एका शब्दाची चार रूपे संपली, छपाईचा खर्च वाचला, मुलांचा गोंधळ मिटला.

या निर्णयाची किंमतही होती. भाषा कशी बोलावी यावर मत देणारे सर्व परदेशी होते. 'त' म्हणणाऱ्या बेटांवरचा उच्चार कागदावरून पुसला गेला; निइहाउ या लहान बेटावरच तो लोकांच्या बोलण्यात टिकून राहिला. आणि दुसरी एक गोष्ट त्यांच्या हातून सुटली, ती अधिक खोल आहे. हवाईयन भाषेत दोन स्वरांच्या मध्ये घशात श्वास क्षणभर अडविला जातो. आपल्या कानाला तो विराम वाटतो. त्यांच्या भाषेत ते पूर्ण व्यंजन आहे. स्वरांत ऱ्हस्व-दीर्घ भेदही आहे, जसा आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन' यांत आहे. या दोहोंना वर्णमालेत जागा मिळाली नाही. त्यामुळे काम 'संपले' यासाठीचा शब्द, 'काजळी' यासाठीचा शब्द, 'ओलसर' यासाठीचा शब्द आणि स्त्रियांच्या कमरेच्या वस्त्राचे नाव, हे चारही कागदावर अगदी एकसारखे, पाउ, असे दिसू लागले. बिंगहॅम प्रभृतींना या विरामाची जाणीव नव्हती असे नाही. 'माझा' आणि 'तुझा' हे शब्द वेगळे ओळखू यावेत म्हणून ते एका शब्दात स्वल्पचिन्ह घालीत. ते चिन्ह सर्वत्र वापरावे असे मात्र त्यांनी केले नाही.

त्या काळी त्याने काही बिघडले नाही. आईच्या मांडीवर भाषा शिकलेला वाचक संदर्भाने नेमका उच्चार करीत असे. आपणही जुन्या मोडी पत्रांत ऱ्हस्व-दीर्घाचा विचार न करता अर्थ लावीत होतोच ना? अडचण येते ती, जेव्हा मूल भाषा आईकडून न शिकता पुस्तकातून शिकू लागते. भोपाळ, हैदराबाद, बडोदे, दिल्ली येथे राहणाऱ्या आणि मुलांना सुटीत घरी बसवून मराठी वाचावयास शिकविणाऱ्या आमच्या वाचकांना ही गोष्ट अधिक फोड करून सांगावी लागणार नाही.

अक्षरे ठरल्यावर शास्त्राच्या भाषांतराला वेग आला. बिंगहॅम, थर्स्टन, विल्यम रिचर्ड्‌स, आर्टेमस बिशप हे मुख्य भाषांतरकार. त्यांनी इंग्रजीवरून नव्हे, तर इब्री आणि ग्रीक मूळ ग्रंथांवरून काम केले. प्रत्येक भाग जाणत्या हवाईयन मंडळींसमोर वाचला जाई. राज्यपाल कुआकिनी, विद्वान डेव्हिड मालो, जॉन इइ अशी माणसे शब्द तोलून देत. जुन्या गाथांची भाषा त्यांच्या जिभेवर होती, म्हणूनच त्या भाषांतराला आजही जाणकार उत्तम हवाईयन गद्य मानतात. देवाच्या प्रीतीसाठी त्यांनी घेतलेला शब्द आपणांसही ठाऊक आहे: अलोहा.

नवा करार १८३२ मध्ये पुरा झाला. राणी काअहुमानू तेव्हा मृत्युशय्येवर होत्या. मुद्रकांनी घाईने एक प्रत तांबड्या चामड्यात बांधली, तिच्यावर राणीचे नाव छापले, आणि बिंगहॅम यांनी ती त्यांच्या हाती दिली. राणीने पाने उलटून पुस्तक पूर्ण आहे की नाही हे पाहिले, ते रुमालात गुंडाळले आणि छातीशी धरले. ५ जून १८३२ रोजी त्यांनी प्राण सोडला. संपूर्ण पवित्र शास्त्राचे शेवटचे पान १० मे १८३९ रोजी छापून निघाले. दोन हजारांहून अधिक पृष्ठे, आणि सारी त्या बारा अक्षरांच्या आणि थोड्या उसन्या अक्षरांच्या बळावर.

बिंगहॅम यांचे चरित्र लिहिताना त्यांच्या कठोरपणाबद्दल मौन पाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते स्वभावाने हुकमी होते. आपली रीत हीच ख्रिस्ताची रीत, असा त्यांचा समज होता. हुला या नृत्यात लोकांचा इतिहास आणि काव्य साठविलेले होते; बिंगहॅम यांना त्यात केवळ अनीती दिसली, आणि १८३० मध्ये काअहुमानूंनी त्यावर बंदी घातली. त्याहून दुःखाची गोष्ट म्हणजे, १८२७ मध्ये आलेल्या कॅथॉलिक धर्मगुरूंना १८३१ मध्ये हाकलून देण्यात आले, आणि हवाईयन कॅथॉलिकांना कैद व वेठबिगार सोसावी लागली. हुकूम सरदारांचे होते. पण त्या सरदारांवर ज्यांचे वजन होते त्या बिंगहॅम यांनी ते वजन छळ थांबविण्यासाठी खर्च केले नाही. १८३९ मध्ये राजा तिसरा कामेहामेहा याने धर्मस्वातंत्र्य जाहीर केले आणि पाठोपाठ फ्रेंच युद्धनौकेने तोफा रोखून त्याची हमी घेतली. आपल्या वाचकांत दोन्ही परंपरांचे लोक आहेत. हे पान दोघांनीही वाचावे.

घरच्या दुःखांचा वाटाही मोठा होता. दोन मुलगे तान्हेपणीच गेले. मोठी मुलगी सोफिया, १८२० मध्ये जन्मलेली, आठ वर्षांची होते न होते तोच शिक्षणासाठी जहाजावर बसवून अमेरिकेस पाठविली. सिबिलबाईंची प्रकृती खालावत गेली आणि ३ ऑगस्ट १८४० रोजी कुटुंबाने होनोलुलू सोडले. बिंगहॅम यांनी आराखडा केलेले कावाइआहाओ येथील प्रार्थनामंदिर अजून पुरे व्हावयाचे होते. समुद्रातून हाताने काढलेल्या प्रवाळाच्या सुमारे १४,००० शिळा त्यास लागल्या; १८४२ मध्ये त्याचे समर्पण झाले. परत जाण्याची बिंगहॅम यांची फार इच्छा होती, पण राज्यकारभारात ते फार लक्ष घालतात असे वाटल्याने बोर्डाने त्यांस पुन्हा पाठविले नाही. १८४८ मध्ये सिबिलबाई वारल्या. एकवीस वर्षांच्या आठवणींचा जाड ग्रंथ त्यांनी १८४७ मध्ये प्रसिद्ध केला होता. ११ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले. होनोलुलूत जन्मलेला त्यांचा मुलगा, धाकटा हायरम, १८५७ मध्ये गिल्बर्ट बेटांवर गेला आणि तेथील भाषेलाही त्याने अक्षरे दिली.

बिंगहॅम यांनी पाहिलेले हवाई वेगाने विरत होते. बाहेरून आलेल्या रोगांनी माणसे पटापट मरत होती. १८३२ मध्ये मिशनऱ्यांनी मोजली तेव्हा लोकसंख्या सुमारे १,३०,००० होती. १८५३ मध्ये परकीयांसह ती ७३,१३८ राहिली. लोक आपली कवने, वंशावळी, औषधी विद्या घाईघाईने लिहून काढू लागले, कारण सांगणारे उरत नव्हते. १८३४ मध्ये लाहाइनालुना येथे पहिले हवाईयन वृत्तपत्र निघाले. पुढील शंभर वर्षांत अशी शंभराहून अधिक वृत्तपत्रे निघाली. ज्या गाथांना बिंगहॅम अंधार मानीत त्या त्यांच्याच अक्षरांत छापून निघाल्या.

१८९३ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांनी राणी लिलिउओकालानी यांना पदच्युत केले. नव्या सरकारचा प्रमुख सँडफर्ड डोल हा मिशनरी आईबापांचा पुत्र होता. त्या सरकारने १८९६ मध्ये कायदा करून सर्व शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरविले. हवाईयन बोलणाऱ्या मुलांना शाळांतून शिक्षा होऊ लागल्या. पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, अमेरिकेत विलीन होण्याविरुद्ध २१,००० हून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या. अंगठे नव्हेत, सह्या. तरीही १८९८ मध्ये विलीनीकरण झाले. तीन पिढ्यांत भाषा घरांतून निघून गेली, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी निइहाउ बेट सोडले तर ती बोलणारी लहान मुले पन्नासही नव्हती असे सांगतात.

१९७८ मध्ये हवाईयन भाषेस राज्यघटनेत राजभाषेचे स्थान मिळाले. १९८४ मध्ये काउआइ बेटावर पालक आणि शिक्षक यांनी हवाईयन माध्यमाची पहिली बालवाडी उघडली. तेव्हा सरकारी शाळांतून या भाषेत शिकविणे कायद्याने बंदच होते; ती बंदी १९८६ मध्ये उठली. वाचण्यास साहित्य कोठून आणावे, हा प्रश्न पडला तेव्हा जुनी वृत्तपत्रे आणि १८३९ चे पवित्र शास्त्र उपयोगी पडले. मात्र पुस्तकातून भाषा शिकणाऱ्या या मुलांना पाउ म्हणजे कोणते पाउ, हे कळेना. घशातील विरामासाठी ओकिना नावाचे उलटे स्वल्पचिन्ह आणि दीर्घ स्वरावर आडवी रेघ, ही पद्धत १९५७ च्या हवाईयन-इंग्रजी शब्दकोशाने रूढ केली होती. शाळांनी ती उचलली. मग शास्त्राचा प्रश्न आला. भाषापंडितांनी वर्षानुवर्षे खपून शब्दाशब्दाचा उच्चार निश्चित केला आणि बिंगहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांचे सबंध भाषांतर, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, ही दोन्ही चिन्हे घालून २०१८ मध्ये नव्याने छापून निघाले.